बारीक, आता!

फुकुओकातलं ते रामेनचं दुकान भाच्याने नाकानेच शोधलं. "मामा, वास आला ना? आता पुढच्या वळणावर." डुकराची हाडं तासन्‌तास खळाखळा उकळली की गल्लीभर जे काही पसरतं, त्याला सुगंध म्हणायला आधी जेवावं लागतं.

दुकान म्हणजे एक लांबट ओटा आणि नऊ स्टुलं. बाहेर चौदा माणसं. आपल्याकडे कार्यालयात जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून त्याच्या मठ्ठ्याच्या वाटीवर नजर ठेवली की तो बिचारा लवकर उठतो. इथे सगळे भिंतीला लागून गप्प उभे. मी दारावरचा कापडी पडदा सारून डोकावलो, तर भाच्याने शर्ट धरून मागे ओढलं.

आत शिरताच तिकिटाचं यंत्र. माझी दहा हजार येनची नोट त्याने तीनदा ओकली. त्याला हजाराचीच चालते. भाच्याने सुटे पैसे दिले आणि म्हणाला, "डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाब. वाचता येत नसेल तेव्हा तेच दाबायचं. दुकानाचा नेहमीचा पदार्थ बहुतेक तिथेच असतो."

स्वयंपाक्याने तिकीट घेऊन काहीतरी विचारलं. शेजारचे आजोबा म्हणाले, "बारीकाता." बारीक, आता! इतकं स्वच्छ मराठी मी हल्ली पुण्यातही ऐकलेलं नाही. नूडल्स शेवयांसारख्या बारीकच होत्या आणि मलाही आत्ताच हव्या होत्या, म्हणून मीही ठणकावलं, "बारीकाता!" पुढे कळलं, हे शिजवण्याचं माप. यावा म्हणजे मऊ, काता म्हणजे कडक, बारीकाता त्याहून कडक आणि हारिगाने म्हणजे निव्वळ तार.

मिनिटभरात वाडगा समोर. दुधासारखा रस्सा, मांसाचे दोन काप, कांद्याची पात. जवळच्या कुरुमे गावात १९४७ साली एका दुकानात हाडं चुकून जास्त उकळली आणि रस्सा असा पांढरा झाला, अशी कथा सांगतात. आमच्याकडे आमटी जास्त उकळली तर फक्त भांडण होतं.

आणि भुरके! लहानपणी कढीचा भुरका मारला की पाठीत धपाटा बसायचा. इथे सुटाबुटातली माणसं खुशाल सूं-सूं करत होती. पन्नास वर्षांची कसर मी भरून काढली. वाडगा तोंडाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत रस्सा प्यायलो. मग आजोबा "काएदामा" म्हणाले आणि त्यांना शेवयांचा दुसरा घाणा मिळाला. मीही दीडशे येन ओट्यावर ठेवून "काएदामा" म्हणालो.

स्वयंपाक्याने माझ्या वाडग्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कोरड्या वाडग्यात उकडलेल्या शेवया टाकल्या. आपल्या मिसळीत रस्सा पुन्हा फुकट मिळतो, पैसे पडतात ते पावाचे. मी त्याच हिशोबाने वाट पाहत बसलो. पण इथे रस्सा एकदाच! ही पद्धत फुकुओकातल्याच नागाहामाच्या मासळीबाजारातली. तिथल्या लोकांना घाई फार, म्हणून चटकन शिजणाऱ्या बारीक शेवया. आणि त्या रस्स्यात लगेच मऊ पडतात, म्हणून आधी थोड्या, मग पुन्हा थोड्या. रस्सा ज्याने त्याने राखायचा.

"मामा, किटलीतला रस घाल वरून," भाचा कुजबुजला. ओट्यावर किटल्या दोन होत्या. मी जवळची उचलली आणि सढळ हाताने ओतली.

त्यात चहा होता. गार.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आजोबांनी दुसरी किटली नुसती माझ्याकडे सरकवली आणि आपल्या वाडग्यात पाहू लागले. पानात टाकायचं नाही या संस्कारामुळे मी चहातल्या शेवया संपवल्या. भुरक्यांशिवाय.

तुम्ही फुकुओकाला जाणार असाल तर हजार येनच्या नोटा राखून ठेवा. आणि रस्साही.