कॉपी-पेस्ट खातं

गटावर सकाळी निरोप पडतो : ‘सोबतच्या एक्सेलमध्ये माहिती भरून दुपारी २ पर्यंत सादर करणे. निरंक असल्यास निरंक कळवणे. अत्यंत तातडीचे.’ माहिती तीच, गेल्या मंगळवारी दिलेली. फक्त ‘एकूण’चा रकाना या खेपेला शेवटून पहिल्या जागी आलाय आणि मधे ‘शेरा’ नावाचा नवा रकाना उगवलाय. शेऱ्यात काय लिहायचं हे निरोप धाडणाऱ्यालाही ठाऊक नसतं, म्हणून सगळे तिथे एक आडवी रेघ मारून मोकळे होतात.

मग शाळेची फाईल केंद्रप्रमुखांकडे, तिथून पंचायत समितीत, तिथून जिल्हा परिषदेत आणि शेवटी पुण्याला. प्रत्येक मुक्कामी एक जीव खालून आलेल्या फायली एकेक करून उघडतो. कंट्रोल-सी, अल्ट-टॅब, कंट्रोल-व्ही. पुढची फाईल. या उद्योगाला गोषवारा म्हणतात, आणि तो करणाऱ्याबद्दल ‘त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं’ असं कौतुकाने सांगतात.

आयटीवाल्यांनी हसू नये. हिंजवडीत बसून परदेशी बँकांची सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळीही शुक्रवारी संध्याकाळी आपले आठवड्याचे तास एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये हातानेच उतरवताना दिसतात. मॅनेजरची एक शीट, क्लायंटची दुसरी.

गंमत म्हणजे हीच कटकट नको म्हणून स्प्रेडशीट जन्माला आलं. डॅन ब्रिकलिन हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. फळ्यावरच्या तक्त्यातला एक आकडा बदलला की त्याच्यावर विसंबलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हे त्याला खटकलं. १९७९ मध्ये त्याने आणि बॉब फ्रँक्स्टनने व्हिजिकॅल्क आणलं. एक आकडा बदला, बाकीचे आपसूक बदलतील. आपण त्या शोधाचा पुन्हा फळा करून दाखवला.

साधनं नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. गुगल शीटमध्ये इम्पोर्टरेंज आहे : दुसऱ्या शीटची लिंक द्या, कुठला भाग हवा ते सांगा, एकदा परवानगीचं बटण दाबा, तिकडचं इकडे दिसायला लागतं. एक्सेलमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून पॉवर क्वेरी आतच बसवलेली आहे. तिला फोल्डर दाखवायचं, ती त्यातल्या सगळ्या फायली एकाखाली एक रचून देते. पुढच्या आठवड्यात नव्या फायली त्याच फोल्डरमध्ये टाकायच्या आणि रिफ्रेश दाबायचं. दुपारी २ ची मुदत सकाळी सव्वाअकराला पुरी.

अट एकच : सगळ्या फायलींचे रकाने सारखे हवेत. आणि इथेच गाडी रुतते. कारण साहेबांना मथळा मधोमध हवा असतो. ‘मर्ज अँड सेंटर’ या एका बटणाने या राज्यातलं जितकं ऑटोमेशन मारलं असेल, तितकं लोडशेडिंगनेही मारलं नसेल. पहिल्या तीन ओळी मर्ज, त्यात कार्यालयाचं नाव, विषय, संदर्भ. खाली दुमजली रकाने. आणि मग रंग. पिवळं म्हणजे प्रलंबित, हिरवं म्हणजे झालं, गुलाबी म्हणजे साहेबांना विचारायचंय. साध्या फॉर्म्युल्याला रंग कळत नाही. रंग कळतो तो फक्त ज्याने भरला त्याला, आणि तो रजेवर आहे.

त्यातून वाचलात तर गावांची नावं आहेत. वडगाव बुद्रुक, वडगाव बु., वडगाव (बु), आणि शेवटी अदृश्य स्पेस असलेलं वडगाव बुद्रुक. एका तालुक्याची यादी श्रीलिपीत, दुसऱ्याची युनिकोडमध्ये. डोळ्यांना दोन्ही सारख्याच, व्हीलुकअपला मात्र पहिली निव्वळ अक्षरांची भेळ. त्यात व्हीलुकअपच्या शेवटी ‘फॉल्स’ लिहायचा कंटाळा केला की तो अंदाजपंचे जुळणारं उचलतो आणि वडगाव खुर्दची पाणीपट्टी बुद्रुकच्या नावावर निमूट मांडून मोकळा होतो. कुरकुर नाही, लाल अक्षर नाही. खरं तर जनगणनेने प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक दिलाय आणि प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक आहे. पण क्रमांकाचा रकाना ‘पानात बसत नाही’ म्हणून आधी उडवला जातो. शेरा मात्र बसतो.

एवढं सगळं महिन्याभरात निस्तरता येईल. तरी कुणी निस्तरत नाही, कारण खरी अडचण तांत्रिक नाहीच. दोन शीटांच्या मधे जो माणूस बसतो, त्याच्या हाती एक मोठी सोय असते : आकडा वर जाताना सावरता येतो. उद्दिष्ट १०० टक्के, खालून आलंय ८३. ‘जरा बघा की’ असा फोन येतो, आणि पेस्ट करता करता ८३ चे ९६ होतात. शंभर करत नाहीत, संशय येतो. शीट थेट शीटला जोडली, तर हे ‘बघायचं’ कुठे? तिथे फोन उचलणारं कुणी नसतं. म्हणून ऑटोमेशनच्या प्रस्तावावर ‘तपासून सादर करा’ असं लिहून येतं आणि तो कपाटावरच्या गठ्ठ्यात जाऊन पडतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजून कुणी मान खाली घालू नये. २०१२ मध्ये जेपी मॉर्गनच्या लंडनमधल्या व्यवहारांत सहा अब्ज डॉलरांवर तोटा झाला. पुढच्या जानेवारीत बँकेनेच काढलेल्या अहवालात निघालं की जोखीम मोजायचं मॉडेल एक्सेलच्या माळेवर चालत होतं आणि एका शीटमधली माहिती दुसरीत हाताने कॉपी-पेस्ट केली जात होती. एका ठिकाणी सरासरीने भागायचं तिथे बेरजेने भागलं होतं, त्यामुळे जोखीम होती त्याहून कमी दिसली. चूकही कशी, वरच्यांना आवडेल नेमकी त्याच दिशेची!

पण म्हणून यंत्राची आरती ओवाळायचं कारण नाही. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात कोविडच्या तपासण्यांचे निकाल आपोआपच एक्सेलमध्ये ओतले जात होते. फाईल जुन्या ‘एक्सएलएस’ जातीची, तिच्यात ६५,५३६ च्या पुढे ओळ नाही. फाईल भरली, उरलेलं बाहेर सांडलं. १५,८४१ बाधितांची नोंद आकडेवारीत आली नाही, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. आपल्या पंचायत समितीतला एखादा वैतागलेला ऑपरेटर असता तर निदान ओरडला तरी असता, ‘साहेब, ओळी संपल्या!’

आता आपल्याकडेही अधूनमधून एखादा उत्साही पोरगा नोकरीला लागतो. दोन रात्री जागून पॉवर क्वेरी बसवतो, गावांची नावं धुऊन काढतो, मर्ज सोडवतो. रिफ्रेश दाबला की आख्ख्या तालुक्याचा गोषवारा मिनिटभरात हजर. साहेब खूश. साहेब त्याची पाठ थोपटतात आणि म्हणतात, ‘फार छान. आता याची प्रिंट काढा, सही-शिक्का घ्या, स्कॅन करा आणि पीडीएफ वर पाठवून द्या.’ वरच्या कार्यालयात तो पीडीएफ उघडतो, थोडा वाकडा स्कॅन झालेला, शिक्का नेमका बेरजेवर पडलेला. तिथला ऑपरेटर चष्मा पुसतो, नवी एक्सेल उघडतो आणि शेजारच्याला विचारतो, ‘हा तीन आहे की आठ?’