मळवलीची लक्ष्मी, भाव न्यूयॉर्कचा

कासारवाडीत मेट्रोच्या खांबाआड अण्णांचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय ‘आर्ट डीलर’. मूळचे फिटर, कंपनीतून व्हीआरएस घेतलेले. त्यामुळे जुनी तसबीर हातात आली की आधी व्हर्नियर निघतो, मग भिंग. “ऑफसेटचे ठिपके कवायतीला उभे असतात, शिळाछापाचे जत्रेला आलेले!” हे त्यांचं कलाशास्त्र. आणि ते बरोबरही आहे.

माल म्हणजे मुख्यतः रविवर्मा छापखान्याच्या लक्ष्म्या-सरस्वत्या आणि मुळगावकरांची कॅलेंडरं. हा छापखाना मुंबईहून मळवलीला आला, 1972 साली जळाला. “म्हणजे आपल्याच लोकलच्या लाइनीवरचा माल!” हे अण्णा अशा थाटात सांगतात, की जणू एकेका गठ्ठ्याचा गेटपास त्यांनीच फाडला होता.

मार्च 2025 मध्ये बाजार बिघडला, असं त्यांचं ठाम मत. हुसेन यांचं 1954चं ‘ग्राम यात्रा’ न्यूयॉर्कच्या लिलावात 118 कोटींवर गेलं. ते आधी ऑस्लोच्या रुग्णालयात वर्षानुवर्षं टांगलेलं होतं, हे वाचल्यापासून अण्णा वायसीएमला शुगर तपासायला गेले तरी भिंती बघत फिरतात. त्या 118 कोटींतून अण्णांच्या वाट्याला आला तो फक्त ताप. पूर्वी वाडा पाडताना लोक म्हणायचे, “तसबिरी न्या, वर चहाही घ्या.” आता खिळ्यावरून फ्रेम उतरायच्या आत पुतण्या मोबाइलवर आकडा दाखवतो.

“अहो, हुसेनचं ते एकच आहे. ह्या हजारांनी छापल्यात!”

“पण आमची आजीची आहे.”

यावर व्हर्नियर चालत नाही.

गिऱ्हाइकंही बदलली. पिंपळे सौदागरच्या जोडप्याला सोफ्याला मॅच होणारी सरस्वती हवी असते. (“सरस्वती ही घ्या, सोफा बदला.”) चाकणकडचा एक गुंठामंत्री पाच वर्षांत डबल होणारं चित्र मागायला आला, तर अण्णांनी त्याला गुंठाच घ्यायला सांगितलं. जो खरंच चित्र बघत उभा राहतो, त्याच्यावर अण्णा खूश. पण त्याला तर मुळीच विकत नाहीत. काउंटरमागे एक लक्ष्मी आहे, कुण्या बाईने जरीचं लुगडं चिकटवून, टिकल्या लावून सजवलेली. तिचा भाव तुम्ही “चालेल” म्हणालात की लगेच चढतो. डीलर म्हणवणाऱ्या माणसाला माल सोडवत नाही, हे त्यांचं खरं दुखणं. दोष मात्र बाजाराचा.

मग दुकान चालतं कसं? दर बुधवारी अण्णा पुण्याच्या जुन्या बाजारात जातात आणि गल्ल्यावर काकू बसतात. माहीतगार गिऱ्हाइकं बुधवारीच येतात. काकू भिंग लावत नाहीत, मळवलीही सांगत नाहीत. भाव एक, आणि बबल रॅप फुकट. संध्याकाळी अण्णा नवी फ्रेम काखोटीला मारून परततात तेव्हा भिंतीवर तिच्यापुरती जागा झालेली असते.

“ती जरीची कुठंय?”

“ताक देऊ का?” काकू विचारतात.