लाळेचे खाते

हृदय, यकृत आणि मेंदू यांचे पोवाडे गाण्यात आपण कधी हयगय केली नाही. परंतु कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा तीन जोड्यांनी ठाण मांडून, आणि ओठ-गालांच्या अस्तरात विखुरलेल्या शेकडो कनिष्ठ ग्रंथींना हाताशी धरून, दररोज अर्धा ते दीड लिटर लाळेचा पुरवठा बिनबोभाट करणाऱ्या लाळग्रंथींविषयी कोणी चार बरे शब्द लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. लाळ घोटणाऱ्या माणसांनी त्या बिचारीची इतकी बेअब्रू करून ठेवली आहे की, सभ्य समाजात तिचे नाव काढणेही अप्रशस्त ठरावे.

वास्तविक मुखप्रांताची सारी दिवाणी आणि फौजदारी तिच्याचकडे असते. भोजनोत्तर दातांवरील जंतू साखरेचे आम्ल करून धुमाकूळ घालू लागले, म्हणजे त्या आम्लाचा बंदोबस्त तीच करते. आणि दातांच्या आवरणातून लुटला गेलेला कॅल्शियम व फॉस्फेट यांचा ऐवज बऱ्याच अंशी पुन्हा खजिन्यात जमा करणारीही तीच. हे खाते ओस पडले, की भाकरीचा घास टाळूशी धरणे धरून बसतो, कवळी ऐन संभाषणात स्वतंत्र मतप्रदर्शन करू लागते, आणि उरलेसुरले दात हिरडीलगत मुळापाशी गुपचूप किडू लागतात.

माझ्या मुखी हा दुष्काळ पडल्याची वार्ता पसरताच समाचारास आलेल्या मंडळींपैकी एकाने खडीसाखर चघळण्याचा, दुसऱ्याने लिंबाच्या आंबट गोळ्यांचा, आणि तिसऱ्या, पेन्शनीत निघालेल्या अव्वल कारकुनाने, खिशातील अडकित्ता बाहेर काढूनच सुपारीचा हुकूम सोडला. (उपचार सुचविल्यावाचून चहाचा पेला खाली ठेवणे आमच्या आळीत अशिष्ट समजतात.) दंतवैद्यांनी मात्र तिन्हींवर नामंजुरीचा शेरा मारला: कोरड्या तोंडात साखर म्हणजे जंतूंना इनाम, लिंबाचे आम्ल म्हणजे दातांची झीज, आणि सुपारीने तर कर्करोगाचे भय आहेच, शिवाय कोरडे पडलेले तोंड पुढे उघडेनासेच होण्याचा संभव! मग त्यांनी माझ्या औषधांची फेरिस्त मागवून घेतली आणि शिंकांवरच्या गोळीवर बोट ठेवले. ॲलर्जी, रक्तदाब, नैराश्य अशा नाना व्याधींवरील औषधे लाळेचा ओघ आटवितात, मधुमेहही त्यांत भर घालतो. तेव्हा वार्धक्यावर सरसकट आरोप ठेवू नये, आणि ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांच्या सल्ल्यावाचून ती परस्पर बरतरफही करू नये, असा त्यांचा निवाडा पडला.

उपाय म्हणाल तर निव्वळ रूक्ष: वरचेवर पाण्याचा घोट, फ्लोराइडयुक्त पेस्ट, अल्कोहोल असलेल्या माउथवॉशला मनाई, रात्री कवळीला रजा, आणि दंतवैद्यांकडे नियमाने हजेरी. त्यांत एकच कलम रसिकतेचे निघाले, ते साखरविरहित च्युइंगगमचे. कारण चघळण्याच्या क्रियेनेच शिल्लक ग्रंथींना कामाची आठवण होते. ज्या पिढीत वडीलधाऱ्यांपुढे तोंड हलविणे हा उद्धटपणाचा कळस समजला जाई, त्या पिढीतील मी आता कीर्तनात पुढल्या रांगेत बसून रवंथ करीत असतो, आणि बुवा पूर्वरंगातील अविवेकी जीवाचे वर्णन माझ्याकडे पाहून करतात.

याहून मोठे भय मला धर्मशास्त्राचे वाटते. प्राचीन काळी चोरीच्या संशयितास तांदळाचे दिव्य करावे लागे. तांदूळ चावून पिंपळाच्या पानावर थुंकावयाचे, आणि त्यात रक्त दिसले की गुन्हा शाबीत. भयाने लाळ आटते, हे त्या पंचांनी हेरले असावे; पण ॲलर्जीची गोळी त्यांच्या गावी नव्हती. परवा आमच्या घरी बेसनाच्या लाडवांचा डबा निम्मा रिता आढळला, तेव्हा ही हकीकत मी मोठ्या विद्वत्तेने कथन करून गेलो, आणि नातवाने तत्काळ स्वयंपाकघरातून मूठभर आंबेमोहोर आणला.