ण गेला, ड राहिला

खणखणणे आणि खडखडणे ही क्रियापदे सख्ख्या जावांसारखी आहेत. दोघींच्या घरी वस्तूवर वस्तू आदळते, पण वाटणी बघा. रुपया खणखणतो. गायकाचा आवाज खणखणीत, पुढाऱ्याचे प्रत्युत्तर खणखणीत. खडखडाट मात्र सरकारी तिजोरीत, एसटीच्या खिडक्यांत आणि पंचवीस तारखेनंतर आपल्या खिशात. एका अक्षराचा फरक. 'ण'च्या पदरी बंदा रुपया, 'ड'च्या पदरी रिकामा डबा.

हा न्याय कोणी केला, हे बघायला मी चिखल्याला गेलो. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. गावाच्या नावात चिखल, पोटात मँगनीज. या भागातले मँगनीज शोधायला गोऱ्यांनी 1896 साली सिंडिकेट काढले. 1962 साली सरकार त्यात शिरले आणि 'मॉइल' ही कंपनी झाली. तेव्हापासून आजवर एकच हुकूम चालू आहे, तो क्रियापदातच दडलाय: खण, खण.

पण घोळ इथेच आहे. या मुलखाच्या झाडीबोलीत 'ण' नाहीच. पाण्याचे पानी होते आणि खाणीला तर कोणी खाण म्हणतच नाही, खदान म्हणतात. मग माणसाने खणखणावे कशाने? खनखनता येते, पण अर्जात तसे लिहिले की मास्तर लाल शाईने गोल करतात. 'ड' मात्र बोलीत शाबूत आहे. खडखडाटाला कोणाचीच हरकत नसते.

मँगनीजचा स्वभावही या मुलखाला शोभतो. हॅडफिल्ड नावाच्या इंग्रजाने 1882 साली पोलादात साधारण बारा टक्के मँगनीज घातले आणि चक्रावला. हे पोलाद जितके ठोकावे तितके वरून कडक होत जाते! म्हणूनच जिथे रूळ एकमेकांना छेदतात आणि गाडीचे प्रत्येक चाक खडाक करून आदळते, तिथे हेच पोलाद बसवतात. तरी बरे, मार खाऊन कडक होणाऱ्या मालाला निदान टनावर भाव मिळतो.

आमच्या जिल्ह्याला आवाजाची पारख जुनी. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचे गाव. 'भांड्याला भांडे लागले की आवाज होणारच,' हे युतीतल्या नेत्यांचे आवडते वाक्य ऐकले की जुन्या गिऱ्हाइकाला हसू येते. तो भांड्याला टिचकी मारतो ती तडा कळावा म्हणून. नेते वाजवतात तडा झाकायला. (त्यांचे 'खडाष्टक'ही आवाजाचे नव्हे, पत्रिकेतल्या षडाष्टकावरून आलेले. म्हणजे भांडणसुद्धा ग्रहांच्या खात्यावर.)

चिखल्याच्या टपरीवर चहा घेतला. पूर्वी नाणे टाकले की फळीवर खणकन वाजायचे. आता डबीवजा यंत्रातली बाई 'दहा रुपये प्राप्त झाले' म्हणते, तेही टपरीवाल्यापेक्षा शुद्ध मराठीत. तिच्या तोंडी 'ण' असणार. तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक आला. फाळके, साखळ्या, पत्रा, सगळे एकमेकांवर आपटत होते. बोलणे ऐकू येईना. मला वाटले, हीच ती खाणीची श्रीमंती! म्हटले, "काय खणखणाट आहे हो भाऊ!"

टपरीवाल्याने पातेल्यातून मान वर केली. "कायचा खनखनाट जी? खाली गाडी हाय, म्हून वाजते. भरेल गाडी कुठं वाजते?"

मी वहीत 'खडखडाट' असे लिहिले आणि 'ड'वर पेन थांबवून बसलो. थोड्या वेळाने दुसरा ट्रक गेला असावा. खदानीकडून, तुमसरच्या दिशेने. आवाज आला नाही. फक्त ग्लासातला चहा थरथरला.