शब्दांचा तलाठी

पिंपळनेरच्या बसस्टँडजवळ चहाच्या टपरीवर सकाळी अप्पा सापडतात. निवृत्त तलाठी. समोरून साक्रीची गाडी जाते, नवापूरची जाते, अप्पा मात्र युरोपात असतात. कुणी पेपरातलं 'व्हॅटिकन' मोठ्यानं वाचायचा अवकाश, अप्पांची बशी खाली येते. "वाटिका! हाई आपलंच शे, भो!" व्हॅटिकन ज्या टेकडीवर आहे, तिचं ते नाव ख्रिस्ती धर्माच्याही आधीचं, हे सांगून उपयोग नसतो. आधीचं म्हटलं की अप्पांना ते आणखीच आपलं वाटतं.

यात थोडा दोष धुळ्याचाही आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. मराठी धातूंचा कोश रचणारा माणूस. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे उभं आहे. त्यांच्याही काही व्युत्पत्त्या धाडसी होत्या, पण त्या धाडसामागे दप्तरांचे ढीग होते. अप्पांनी ढीग धुळ्यातच राहू दिले, धाडस तेवढं पिंपळनेरला आणलं.

गंमत अशी, की नोकरीत हाच माणूस भलता कडक. वारसनोंदीला आलेला पोरगा बापाचा हुबेहूब छाप असला तरी अप्पा मान वर न करता म्हणत, "तोंड नको दाखवू, कागद दाखव." शब्दांच्या बाबतीत मात्र नुसतं तोंड पाहून फेरफार मंजूर. इंग्रजी 'बॅड' आणि आपल्या 'बदनाम'मधला फारसी 'बद'? सख्खे भाऊ! रूप तेच, अर्थ तोच, आणि नातं काडीचं नाही, निव्वळ योगायोग. 'डे' आणि 'दिवस'चंही तेच. दिवसाची खरी भाऊबंदकी लॅटिनमधल्या 'दिएस'शी. इंग्रजांचा 'डे' वेगळ्याच घरचा.

उलट खरे वारस दारात आले की अप्पा ओळख देत नाहीत. 'पाद' आणि 'फूट', 'दंत' आणि 'टूथ', 'दश' आणि 'टेन' ही एकाच खात्यातली मंडळी. मूळचा 'प' जर्मन-इंग्रजीच्या घराण्यात 'फ' होतो, 'द'चा 'ट' होतो, आणि तेही लहरीनं नव्हे, ओळीनं. १८२२ साली याकोब ग्रिमनं हा नियम नीट मांडला.

"कोण ग्रिम?"

"तेच अप्पा, हिमगौरीची गोष्ट छापणारे दोघे भाऊ. त्यातला थोरला."

"मंग व्हयनं! गोष्टीच सांगी ऱ्हायना तो!"

पुतण्या जर्मनीहून आला तेव्हा टपरीवर गर्दी झाली. तो म्हणाला, तिकडे 'गिफ्ट' म्हणजे विष. अप्पांनी क्षणात निकाल दिला: इंग्रजी गिफ्टशी याचा संबंध नाही, आहेर कुठे आणि विष कुठे! नेमकं इथेच नातं खरं होतं. दोन्हींच्या मुळाशी 'देणं' आहे. जर्मनांनी 'दिलेली मात्रा' म्हणता म्हणता पुढे विषच पाजलं. अप्पा गप्प झाले. मग म्हणाले, "लग्नात सासऱ्यानं घड्याळ दिलं, तवाच माले शंका वनी व्हती."

पुतण्यानं मग 'बुर्रो' काढला. इटलीत लोणी, स्पेनमध्ये गाढव. एक आला लोण्याच्या लॅटिन नावावरून, दुसरा छोट्या घोड्याच्या. अप्पांना कागद लागले नाहीत. दोघं एकाच गोठ्यातले, मिटला वाद.

मी एकदा उलट बाजूनं जायचं ठरवलं. म्हटलं अप्पा, सगळं आपल्याकडून तिकडे गेलं असं नाही, थोडं इकडेही आलं. चावी पोर्तुगीज, बटाटा पोर्तुगीज, पाव पोर्तुगीज. अप्पांनी पाव चहात बुडवून शांतपणे खाल्ला. पगार हा शब्दही त्यांचाच, म्हटल्यावर मात्र घास अडकला.

"जनमभर मी पोर्तुगीज पगार लिधा?"

"हो."

"आणि पेन्शन?"

"ती मूळची लॅटिन."

अप्पांनी बँकेचं पासबुक खिशातून काढून उघडलं, आजच्या तारखेसमोरची कोरी ओळ पाहिली.

"तरीच," ते म्हणाले. "इतल्या लांबून येस, मंग येळ लागावच."