पीडीएफ-दर्शक महोदयांस, बाळापुराहून

प्रति,
मा. पीडीएफ-दर्शक,
राहणार : कुठे, ते पुढे येईलच.

विषय : सदैव पहिलंच पान दाखवल्याबद्दल आभार.

महोदय,

गेल्या चार संध्याकाळी एडिटरमध्ये माझा कर्सर कुठेही असो, आपण मला न चुकता पहिल्या पानावर आणून सोडलंत. अशी निष्ठा हल्ली दुर्मीळ.

मी बाळापुरात गणित शिकवतो. बी.एस्सी.च्या पोरांसाठी इंटिग्रेशनच्या उदाहरणांचा संच लाटेकमध्ये बांधतोय. एकसष्टाव्या पानावर एका उत्तरात उणे हवं तिथे अधिक पडलंय. मूळ फाइलीत ते कुठल्या ओळीत दडलंय, एवढंच मला हवं होतं. पानावर दोनदा टिचकी मारावी आणि एडिटरनं ती ओळ समोर आणावी, अशी सोय असते म्हणे. मी टिचक्या मारल्या. आपण मख्ख.

आपल्या आधीचे गृहस्थ याहून थोर होते. नाव नको. ते फाइल उघडत आणि मुठीत धरून बसत. लाटेकच्या पोटातलं टेक नवी प्रत लिहायला गेलं की त्याला मज्जाव, आणि कंपायलेशन जागच्या जागी आडवं. त्यांना बंद करा, कंपाइल करा, पुन्हा उघडा. शेवटी तिसऱ्या वर्षाचं एक पोट्टं म्हणालं, ‘सर, काहून एवढा तरास घेता? सुमात्रा टाका न.’ तेव्हा आपलं आगमन झालं. आपण फाइल अडवत नाही, ती बदलली की आपणहून नवी दाखवता, शिवाय फुकट. इथवर तक्रार नाही.

आमच्या गावात मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाशी किल्ला आहे. एलिचपूरच्या नवाबानं तो १७५७ मध्ये पुरा केला. आत शिरायला एकामागून एक दरवाजे. लहानपणापासून पाहतोय, पण ते तसे का बांधले असतील हे मला आत्ता उमगलं. पहिला दरवाजा एडिटरचा, दुसरा प्लगिनचा, तिसरा आपला. पहिल्यावर विचारलं की ‘आत विचारा’. दुसऱ्यावर विचारलं की ‘बाहेरचा दर्शक ही तुमची हौस, तुम्हीच निस्तरा’. तिसऱ्यावर आपण, आणि पहिलं पान.

हौस होती, कबूल. व्हीएस कोडमधलं लाटेक वर्कशॉप हे प्लगिन पीडीएफ स्वतःच्याच टॅबमध्ये दाखवतं. तिथे वेगळं काही बसवावं लागत नाही. पण मला पान शेजारच्या जुन्या मॉनिटरवर, स्वतंत्र खिडकीत पाहिजे होतं. घरी भाकर तयार असताना मास्तर रोडग्यांच्या पंगतीला निघाले.

मग पत्ता लिहिणं आलं. आपलं ठिकाण प्लगिनला सांगायचं ते सेटिंग्जच्या जेसन फाइलीत, आणि पत्त्यात येते ती डावीकडे कललेली तिरकी रेघ. लाटेकमध्ये ही रेघ म्हणजे हुकूम, तिच्यामागून येणारा शब्द ही आज्ञा. विंडोजमध्ये तीच रेघ म्हणजे उंबरठा, एका फोल्डरातून दुसऱ्यात जायचा. जेसनमध्ये ती एकटी दिसली की पुढच्या अक्षरात काही गूढ अर्थ आहे असं धरतात, म्हणून ती जोडीनंच लिहायची. मी रोज पहिला अर्थ लिहितो, दुसऱ्यात जगतो, आणि तिसरा मला ठाऊकच नव्हता. एडिटरनं खाली तांबडी लहर ओढली. उजवीकडे कललेली साधी रेघ लिहिली तरी विंडोज चालवून घेतं, हे कळायला आणखी एक संध्याकाळ गेली.

टक्क्याचं चिन्ह तर अधिकच इरसाल. लाटेकमध्ये टक्का आला की त्या ओळीतला पुढचा सगळा मजकूर टीप, यंत्र तिकडे ढुंकूनही बघत नाही. प्लगिनकडून ओळीचा क्रमांक मागायचा तर ‘लाइन’ हा शब्द मोठ्या अक्षरांत दोन टक्क्यांच्या मध्ये बसवावा लागतो. आपल्याला मात्र एक टक्का आणि बारीक ‘एल’ पुरतो. म्हणजे एडिटरकडून आपल्याकडे जाताना एक बोली, परतताना दुसरी. मी दोन्हीकडे एकच बोललो.

बरं, पत्ता तरी कुठला? मी आपल्याला प्रोग्राम फाइल्समध्ये शोधत होतो. आपण हल्ली आपणहून तिथे उतरतच नाही. वापरणाऱ्याच्या अ‍ॅपडेटा नावाच्या फोल्डरात, जो विंडोज एरवी दाखवतही नाही, तिथे बिऱ्हाड थाटता. भाडेकरूनं खोली घ्यावी आणि घरमालकालाच सांगू नये, असा हा प्रकार.

पण न्यायाचं बोलायचं तर दोष एकट्या आपला नाही. डोनाल्ड क्नुथ यांचं टेक १९७८चं, लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक उभं केलं ते ऐंशीच्या दशकात, आणि पीडीएफ जन्मला १९९३ मध्ये. आजोबांनी कधी न पाहिलेल्या नातजावयाशी बोलावं कसं? त्यांच्यात मध्यस्थ म्हणून जेरोम लोरांस यांचं सिंकटेक २००८च्या टेक लाइव्हमध्ये आलं. कुठल्या ओळीतला मजकूर कुठल्या पानावर कुठे पडला, याची वही ते कंपाइल होताना लिहून ठेवतं. मात्र ‘वही लिही’ असं सांगावं लागतं. मराठीसाठी झीलाटेक आणि आयआयटी मुंबईचा शोभिका फाँट, म्हणून मी कंपायलेशनची कृती स्वतःच लिहिली होती. तिच्यात सिंकटेक चालू करणारा एक आकडा टाकायचा राहिला. वहीच नव्हती, तर आपण दाखवणार काय? त्या टिचक्यांबद्दल मी आपल्याला जे जे बोललो, ते मागे घेतो.

काल रात्री साडेदहाला टिचकी मारली आणि एडिटर उडी मारून नेमक्या ओळीवर उभा राहिला. मी ओरडलो. घरातून ‘काय सापडलं?’ अशी विचारणा झाली. मग चाळिसाव्या पानावर मारली, सातव्यावर मारली, अनुक्रमणिकेवरही मारून पाहिली. पाऊण तास गेला.

आता एकच मागणं. मुक्कामाला याल तेव्हा आपला पूर्ण पत्ता आणि माघारी हाक मारायची ओळ, दोन्ही जशीच्या तशी उचलता येतील अशी एका जागी दाखवा. आम्ही चिकटवून घेऊ.

आपला,
एक गणिताचा मास्तर,
बाळापूर, जि. अकोला

ता. क. : एकसष्टाव्या पानावरचं अधिक अजून अधिकच आहे.