आधी कंबर, मग तांदूळ

रेशनच्या रांगेत एखादी जाड बाई दिसली की आमच्या साताऱ्यातल्या सुखवस्तू माणसाला एकदम देशाची तिजोरी आठवते. "हिला कसलं फुकट धान्य? पोट बघा हिचं!" पोट हाच त्याच्या लेखी सातबारा. पहाटे अजिंक्यतारा चढून येणाऱ्या, आणि खाली उतरल्यावर तर्री मारलेली मिसळ हाणून तो चढ फेडून टाकणाऱ्या मंडळींचं यावर एकमत आहे: गरीब बारीकच असला पाहिजे. बरगड्या मोजता आल्या तर उत्तम.

म्हणून माझी सूचना. अंगठा घेणाऱ्या मशीनलाच शिंप्याची टेप बांधा. आधी अंगठा, मग कंबर. चौतीसच्या आत असेल तर महिन्याचे पाच किलो, वर गेली तर "मावशी, तुम्ही सधन झालात, या आता." दुष्काळी जत, आटपाडी, माण, खटावच्या कंबरा दर उन्हाळ्यात पुन्हा मोजाव्यात. बाळंतिणीला किती इंच सूट द्यायची, यासाठी समिती नेमावी. समितीची कंबर मात्र कुणी मोजू नये, चहापानात व्यत्यय येतो.

आता जरा हिशेब करा की राव! माणशी पाच किलो म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅमच्या थोडं वर. बाकीचं पोट कशानं भरायचं? महिनाअखेर आली की घरातून आधी भाजी जाते, मग डाळ जाते. भात तेवढा राहतो. सकाळची भूक गोड चहावर आणि पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर मारायची, रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात ओरपायचा. गरिबाची म्हणून हिणवलेली ज्वारी-बाजरी 2023 साली 'मिलेट' झाली आणि चकचकीत पाकिटात जाऊन बसली. ती आता अजिंक्यताऱ्यावाले खातात, वजन कमी करायला. 2022च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' मिळाला: रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो, वर लिटरभर पामतेल. त्यातून शिरा होतो, लाडू होतात, कंबरही होते. मेथीची जुडी तेवढी होत नाही. पोट तुम्ही भरवलंत तसंच वाढणार ना? वर तेच पोट पुरावा म्हणून तिच्याच अंगावर फेकता, लाज कशी वाटत नाही?

सांगलीत एका डॉक्टरांनी ऊसतोडीच्या मावशीला शुगर सांगितली आणि बजावलं, "रोज अर्धा तास चालत जा."

मावशीनं विचारलं, "मोळी घिऊन का मोकळं?"